गोल म्हणजे नुसते 'राउंड' नव्हे

इंग्रजीच्या वह्या तपासताना एक शब्द पानोपानी भेटतो, तो म्हणजे 'राउंड'. रोटी राउंड, बांगडी राउंड, चेंडू राउंड, चंद्र राउंड, गॅसची टाकी राउंड आणि पृथ्वीही राउंड. वाक्य व्याकरणात बसते, त्यामुळे त्याखाली लाल रेघ मारता येत नाही. पण ते वाचून डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ज्याने ती वस्तू पाहिलेली नाही, त्याला ती ताटलीसारखी आहे की लिंबासारखी हेही कळत नाही.

यात मुलांचा आळस नाही. मराठीतला आणि उर्दूतला आपला 'गोल' हा शब्दच मोठ्या मनाचा आहे. ताटलीही गोल आणि लिंबूही गोल. मुले तोच शब्द उचलतात आणि त्याला इंग्रजी कपडे घालतात. दुसऱ्या टोकाला काही मुले गाइडमधली समानार्थी शब्दांची यादी घोकतात : राउंड म्हणजे सर्क्युलर, स्फेरिकल, ग्लोब्युलर. एका ओळीत छापलेले शब्द एकमेकांच्या जागी बसतात, अशी त्यांची समजूत होते. मग निबंधात 'माय मदर मेक्स स्फेरिकल रोटीज' असे वाक्य येते. स्फेरिकल रोटी म्हणजे लाडवासारखी रोटी! अशी रोटी दस्तरखानावर आली तर घरातले काय म्हणतील, ते सांगायला नको.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते. म्हणजे मराठी किंवा उर्दू माध्यमातले मूल सहाव्या वर्षी इंग्रजीच्या दारात उभे राहते, आणि त्याचा गृहपाठ अशा कितीतरी घरांत जातो जिथे अम्मी-अब्बा इंग्रजी शिकलेले नसतात. पालक सभेत मी हे वाक्य दर वर्षी ऐकते : 'मॅडम, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?' हा लेख त्या पालकांसाठी आहे. गोल वस्तूंच्या इंग्रजी शब्दांमागे चार साधे प्रश्न आहेत. ते प्रश्न मराठीत, उर्दूत, घरच्या बोलीत विचारता येतात. उत्तर मिळाले की इंग्रजी शब्द आपोआप जागेवर बसतो.

पहिला प्रश्न : ताटलीसारखे की लिंबासारखे?

लिंबू कोणत्याही बाजूने पाहा, गोलच दिसते. ताटली वरून गोल दिसते, पण डोळ्यांच्या पातळीवर धरली तर नुसती पट्टी दिसते. इंग्रजीतली पहिली वाटणी इथेच होते. ताटली सर्क्युलर, लिंबू स्फेरिकल. गणितात हा भेद मुले शिकलेली असतात. मराठी माध्यमात 'वर्तुळ' आणि 'गोल', उर्दू माध्यमात 'दायरा' आणि 'कुर्रा', इंग्रजीत 'सर्कल' आणि 'स्फिअर'. फक्त गणिताच्या तासाला शिकलेले इंग्रजीच्या तासाला वापरायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

सर्कल ही कागदावरची आकृती. तीच हातात धरण्याजोगी पातळ, चपटी वस्तू झाली की ती डिस्क. ग्रीक लोक खेळात जी तबकडी फेकत, तिच्या नावावरून हा शब्द आला. आपल्याकडे त्याला 'चकती' हा नेमका शब्द आहे. गाजराच्या चकत्या, मोटारसायकलचा डिस्क ब्रेक, जुन्या ग्रामोफोनची तबकडी, या सगळ्या डिस्क.

लिंबासारख्या गोलाला इंग्रजीत चार मुख्य शब्द आहेत आणि चौघांची घरे वेगळी आहेत. 'बॉल' हा रोजच्या वापरातला. खेळायचा चेंडू बॉल, कणकेचा उंडा बॉल, लोकरीचा गुंडाही बॉल. खिम्याचे कोफ्ते म्हणजे मीटबॉल, डोळ्याचे बुबुळ बसते तो सबंध गोळा म्हणजे आयबॉल. 'स्फिअर' हा गणित आणि विज्ञानाचा शब्द. कणकेच्या उंड्याला कुणी स्फिअर म्हणत नाही. 'ग्लोब' म्हटले की पृथ्वी किंवा वर्गातला पृथ्वीगोल. म्हणूनच 'ग्लोबल' म्हणजे जगभरचे. 'ऑर्ब' हा कवितेतला शब्द, सूर्य-चंद्रासाठी राखून ठेवलेला. तो वाचताना कळावा एवढे पुरे, निबंधात वापरायची घाई नको.

भूगोलाचे पुस्तक उघडले की हाच 'स्फिअर' जागोजागी लपलेला दिसतो. हवेचे आवरण ॲटमॉस्फिअर, पाण्याचे हायड्रोस्फिअर. उर्दूत कुर्रए हवा, कुर्रए आब. गंमत गोलार्धाची आहे. मराठीत गोल आणि अर्ध मिळून गोलार्ध, उर्दूत निस्फ म्हणजे अर्धा आणि कुर्रा मिळून निस्फ कुर्रा, इंग्रजीत हेमि म्हणजे अर्धा आणि स्फिअर मिळून हेमिस्फिअर. तिन्ही भाषांनी एकाच पद्धतीने शब्द जोडला आहे. हे एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की हेमिस्फिअरचे स्पेलिंग घोकावे लागत नाही.

आणि पृथ्वी तरी नेमकी स्फिअर आहे का? नाही. विषुववृत्तावर तिचा व्यास सुमारे १२,७५६ किलोमीटर आहे, तर ध्रुवाकडून ध्रुवाकडे सुमारे १२,७१४. चाळीसेक किलोमीटरचा फरक. म्हणून शास्त्रज्ञ तिला 'स्फेरॉइड' म्हणतात, म्हणजे स्फिअरसारखी. शब्दाच्या शेवटी 'ऑइड' आला की 'त्यासारखे' असा अर्थ होतो.

दुसरा प्रश्न : मध्ये मोकळे आहे का?

रोटी आणि बांगडी दोन्ही वरून गोल. पण रोटीच्या मध्ये रोटी आहे, बांगडीच्या मध्ये मोकळी जागा आहे. मोकळी जागा आली की डिस्क हा शब्द संपला आणि 'रिंग' सुरू झाला. अंगठी रिंग, किल्ल्यांचे कडे की-रिंग, गावाभोवतीचा रस्ता रिंग रोड. कडे मोठे आणि पातळ असले की 'हूप'. कानातल्या मोठ्या बाळ्यांना इंग्रजीत हूप म्हणतात आणि मुले कमरेभोवती फिरवतात ती चक्रीही हूपच. बांगडीला 'बँगल' म्हणतात. हा शब्द हिंदुस्तानातूनच इंग्रजीत गेला आहे. म्हणजे मुलीने 'बँगल' लिहिले तेव्हा तिने आपल्याच घरचा शब्द परदेशातून परत आणला.

पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना खाली कापडाची चुंबळ ठेवतात. चुंबळीला इंग्रजीत रोजच्या वापरातला एकच शब्द नाही, कारण त्यांच्याकडे हंडे डोक्यावर घेण्याची रीत उरली नाही. तिथे 'क्लॉथ रिंग' असे सांगून भागवावे लागते. प्रत्येक मराठी शब्दाला इंग्रजी शब्द असलाच पाहिजे असे नाही, आणि नसेल तेव्हा वर्णन करून सांगणे यालाही भाषा येणे म्हणतात.

आता पुढची पायरी. कडे एकदाच फिरून बंद होते. दोरी एकदा वळवून फास केला तर तो 'लूप'. सदऱ्याच्या गुंडीसाठी शिवलेला दोऱ्याचा फासही लूप. तीच दोरी पुन्हा पुन्हा वेटोळे घालत गेली की 'कॉइल'. डास पळवणारी हिरवी कॉइल सगळ्यांना माहीत आहे. साप वेटोळे घालून बसतो तेही कॉइलच. आणि वेटोळे आतून बाहेर मोठे मोठे होत गेले की 'स्पायरल'. जिलेबी पाहा, शब्द विसरणार नाही.

मुलांना चकवणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकावी. बॉक्सिंगचा आखाडा चौकोनी असतो, तरी त्याला 'रिंग' म्हणतात. पूर्वी लढणाऱ्यांभोवती प्रेक्षक कडे करून उभे राहत, त्यावरून ते नाव पडले. पुढे दोऱ्या बांधून चौकोन झाला, नाव मात्र तेच राहिले. शाळेतून येणारे 'सर्क्युलर'ही तसेच. कागद चौकोनी आणि नाव सर्क्युलर कसे, असे मुले विचारतात. कागदाचा आकार नव्हे, तो सगळ्यांकडे फिरतो म्हणून सर्क्युलर. मराठीतल्या 'परिपत्रक' शब्दातला 'परि' म्हणजेही सभोवती.

तिसरा प्रश्न : केवढे, आणि कशासाठी?

मराठीत आपण एक 'ळ' फिरवून आकार लहान-मोठा करतो. गोळा मोठा, गोळी लहान. तोफेचा गोळा, बंदुकीची गोळी, औषधाची गोळी, लिमलेटची गोळी. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, पण मुळाशी गेले तर विचार आपलाच. 'बुलेट' म्हणजे मुळात छोटा गोळा. जुन्या बंदुकांत शिशाच्या वाटोळ्या गोळ्या भरत. आज बुलेट टोकदार झाली तरी नाव गोलच राहिले, जसे आपल्या 'गोळी'चे राहिले. 'पिल' हा शब्दही लॅटिनमधल्या छोट्या चेंडूवरून आला. 'टॅब्लेट' मात्र छोटी पाटी किंवा फळी या अर्थाचा. म्हणून चपटी गोळी ती टॅब्लेट. निवडणुकीतला 'बॅलट'ही छोटा चेंडूच. इटलीत, व्हेनिसमध्ये, छोटे चेंडू टाकून मत देत, त्यावरून आजच्या कागदी मतपत्रिकेलाही तेच नाव.

औषधाच्या बाबतीत हे शब्द केवळ परीक्षेपुरते नाहीत. घरात औषधाच्या पाकिटावरचे इंग्रजी बहुधा शाळेत जाणारे मूलच वाचते. 'टॅब्लेट' साधारणपणे पाण्याबरोबर गिळायची. पुढे 'च्युएबल' लिहिले असेल तर चावून खायची. 'एफर्व्हेसंट' लिहिले असेल तर आधी पाण्यात विरघळवून मग ते पाणी प्यायचे, तशीच गिळायची नाही. 'लॉझेंज' तोंडात ठेवून चघळायची. हा शब्द मूळचा पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा. पूर्वी या वड्या तशा कापलेल्या असत. 'कॅप्सूल' डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडायची किंवा फोडायची नाही. दादी-नानीच्या औषधाचा डबा समोर घेऊन मुलाने हे शब्द एकदा वाचून दाखवावेत. इंग्रजीचा असा उपयोग घरातल्या मोठ्यांनाही पटतो.

आणखी एक गोल वस्तू, जिचे नाव आईला माहीत असलेच पाहिजे : 'बटण सेल'. तिला 'कॉइन सेल'ही म्हणतात, कारण ती बटणासारखी, नाण्यासारखी, चकचकीत डिस्क असते. खेळण्यांत, घड्याळांत, छोट्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात ती असते. लहान मुले ती गोळी समजून तोंडात टाकतात. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजते. मुलाने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी पोटातून आपोआप निघेल म्हणून वाट पाहू नये, सरळ रुग्णालयात न्यावे. खेळण्याच्या खोक्यावर 'बटण' किंवा 'कॉइन' हे शब्द दिसले, तर त्या खेळण्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसले आहे का, ते पाहूनच ते मुलाच्या हाती द्यावे.

लहान गोलांच्या यादीत माझा आवडता शब्द 'बीड', म्हणजे मणी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मणी नव्हताच. अर्थ होता प्रार्थना. ख्रिस्ती लोक माळेवर प्रार्थना मोजत. मोजता मोजता प्रार्थनेचे नाव मण्याला चिकटले आणि आज फ्रॉकवर शिवलेल्या मण्यांनाही बीड म्हणतात. आपल्याकडे काय झाले? 'तस्बीह' म्हणजे अल्लाहची पाकी बयान करणे, ती एक कृती आहे. पण 'माझी तस्बीह कुठे ठेवली?' असे नानी विचारते तेव्हा ती ३३ किंवा ९९ दाण्यांची माळ शोधत असते. कृतीचे नाव वस्तूला मिळाले. दोन दूरच्या भाषा, दोन वेगळे धर्म, आणि शब्द एकाच वाटेने चाललेले. हे ऐकल्यावर मुले 'बीड'चा अर्थ कधी विसरत नाहीत, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

चौथा प्रश्न : पूर्ण गोल, अर्धे, की लांबट?

लाटणे गोल आहे का? एका बाजूने हो, दुसऱ्या बाजूने ते लांब आहे. अशा वस्तूला इंग्रजीत 'राउंड' म्हणून भागत नाही, ती 'सिलिंडर'. गॅसच्या टाकीमुळे हा शब्द घराघरांत आहे, पण तो टाकीचे नाव नसून आकाराचे नाव आहे, हे कितीजणांच्या लक्षात येते? खडू सिलिंडर, लाटणे सिलिंडर, पाण्याचा पाइप आतून पोकळ सिलिंडर.

अर्धा गोल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घुमट येतो, इंग्रजीत 'डोम'. विजापूरचा गोल घुमट मुहम्मद आदिलशाहाची कबर झाकतो. हा बादशहा १६५६ साली वारला. त्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि तेवढ्या जागेत मध्ये एकही खांब नाही. सहलीहून आल्यावर मुलाने 'द बिल्डिंग इज राउंड' लिहिले तर ते चूकच ठरेल, कारण खालची इमारत चौकोनी आहे, गोल आहे तो वरचा डोम. इथे योग्य शब्द निवडणे म्हणजे खरे सांगणे.

लांबट गोलाला 'ओव्हल' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अंडे. मराठीत अंडाकृती, उर्दूत 'बैजवी', तोही 'बैजा' म्हणजे अंड्यावरूनच. तिन्ही भाषांना एकच अंडे सापडले! लंडनच्या ज्या मैदानावर १८८० साली इंग्लंडमधला पहिला कसोटी सामना झाला त्याचे नाव ओव्हल, आणि मुंबईत चर्चगेटजवळचे मैदानही ओव्हल. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद होणाऱ्याला 'डक' म्हणतात, तेही अंड्यामुळेच. शून्याचा आकार बदकाच्या अंड्यासारखा, म्हणून आधी 'डक्स एग', मग नुसते 'डक'.

चंद्रासाठी तर इंग्रजीत शब्दांची रांगच आहे. चंद्रकोर म्हणजे 'क्रेसेंट'. मूळ अर्थ 'वाढत जाणारा', आपला हिलाल. पूर्ण चंद्र 'फुल मून', आपला बद्र. इथे एक घोटाळा दर ईदला होतो, तो समजून घ्यावा. इंग्रजी कॅलेंडरवर 'न्यू मून' लिहिलेले असते ती अमावास्या. त्या दिवशी चंद्र दिसतच नाही. आपण ज्याला नवा चाँद म्हणतो तो हिलाल त्यानंतर एक-दोन दिवसांनी डोळ्यांना दिसतो. मोबाइलवर 'न्यू मून' वाचून 'आज चाँदरात' असा निरोप पुढे पाठवण्याआधी एवढे लक्षात ठेवलेले बरे.

माणसांचे गोल

वस्तूंवरून हे शब्द माणसांवर कसे आले, तेही मोठ्या मुलांना सांगण्यासारखे आहे. मराठी वर्तमानपत्र लिहिते 'राजकीय वर्तुळात चर्चा', उर्दू वर्तमानपत्र लिहिते 'सियासी हल्के', इंग्रजी लिहिते 'पोलिटिकल सर्कल्स'. हल्का म्हणजे कडे. 'मंडळ' हाही मुळात गोलच, म्हणून तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याला गावात सरळ 'सर्कल' म्हणतात. 'फ्रेंड सर्कल' तर आपण सगळेच बोलतो.

मात्र सगळीकडे शब्दाला शब्द ठेवता येत नाही. 'वाटोळे' म्हणजे गोल, पण 'घराचे वाटोळे झाले' याचे इंग्रजी करताना घर गोल झाल्याचे लिहून चालणार नाही. तिथे 'रुइन' हवा. 'गोलमोल उत्तर' म्हणजे राउंड उत्तर नव्हे, 'व्हेग' उत्तर. आणि इंग्रजीत 'राउंड फिगर' म्हणजे गोल आकृती नव्हे, तर ४९७ च्या जागी सांगितलेले ५००.

हे शब्द आपल्यापासून दूर नाहीत

इंग्रजी परक्यांची आहे, ही भीती मुलांच्या मनात घरातूनच येते. ती घालवायला दोन शब्द पुरेत. पहिला 'व्हील'. संस्कृतातले चक्र, त्यापासूनचे मराठी चाक, फारसीतले चर्ख आणि त्यावरून आलेला चरखा, ग्रीकमधून आलेला 'सायकल' आणि इंग्रजी 'व्हील', हे सगळे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच जुन्या शब्दाची लेकरे आहेत. दुसरा 'झिरो'. आपल्या शून्याचे अरबीत 'सिफ्र' झाले, म्हणजे रिकामे. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ साली आपल्या गणिताच्या ग्रंथात तो लॅटिन रूपात घेतला, आणि पुढे त्याचाच 'झिरो' झाला. इंग्रजीतला 'सायफर'ही त्याच सिफ्रपासून.

आणि अब्बांचे काय? मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर काम करणारे अब्बा रोज बॉबिन, कोन, बीम हे शब्द वापरतात. गॅरेजमधले मामू वॉशर, बेअरिंग, पुली, ओ-रिंग, ड्रम म्हणतात. शिवणकाम करणारी खाला रीळ आणि बटण म्हणते. हे सगळे गोल वस्तूंचे इंग्रजी शब्द आहेत, आणि वॉशर व ओ-रिंग यांतला फरक मामूंना माझ्याहून चांगला माहीत आहे. एक धातूची चपटी चकती, मध्ये भोक असलेली; दुसरी रबराचे गोलसर कडे. त्यांनी तो मुलाला हातात देऊन समजावला तर तो इंग्रजीचा पाठच झाला.

घरी काय करावे?

रोज पाच मिनिटे पुरेत. स्वयंपाकघरातली कोणतीही एक गोल वस्तू मुलासमोर ठेवावी आणि चार प्रश्न विचारावेत, आपल्या भाषेत :

१. ताटलीसारखी आहे की लिंबासारखी?

२. मध्ये मोकळी आहे का? वेटोळे एक आहे की अनेक?

३. केवढी आहे, आणि कशासाठी वापरतात?

४. पूर्ण गोल आहे, अर्धी आहे की लांबट?

उत्तरे मिळाली की मुलाने इंग्रजी शब्द वहीत लिहावा. ठाऊक नसेल तर दुसऱ्या दिवशी शाळेत विचारावा. आठवड्यात सहा-सात शब्द होतात. मग वाक्यात एक तुलना जोडायला सांगावी : 'लाइक अ कॉइन', 'लाइक अ लेमन', 'लाइक अ प्लेट'. 'इट इज राउंड' आणि 'इट इज फ्लॅट अँड राउंड, लाइक अ कॉइन' या दोन वाक्यांत फक्त काही शब्दांचे अंतर आहे, पण दुसरे वाक्य वाचणाऱ्याला वस्तू दिसते. दवाखान्यात 'गाठ आहे' म्हणण्यापेक्षा 'मटारच्या दाण्याएवढी गाठ आहे' असे सांगितले की डॉक्टरांना अधिक कळते, तसेच हे. नेमके सांगण्याची सवय कोणत्याही भाषेत कामाला येते.

यादी पाठ करून घेऊ नये. शब्द वस्तूशिवाय आला तर परीक्षेपर्यंतही टिकत नाही. आणि एका दिवशी दहा शब्द देऊ नयेत. मूल सगळे विसरून पुन्हा 'राउंड'कडे पळते.

मुलाने 'राउंड' लिहिले तर ते खोडूही नये. फक्त विचारावे, 'गोल म्हणजे कसले गोल रे, बेटा?' त्याने मराठीत सांगितले, उर्दूत सांगितले, कोकणीत सांगितले तरी चालेल. इंग्रजी शब्द शोधून द्यायला शिक्षक आहेत, शब्दकोश आहेत. असा प्रश्न विचारणारे कोणीतरी मात्र घरात हवे, आणि त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.